ळ-काकूंचा कॉम्प्युटर

हिंदी मुलखातल्या आमच्या रामघाटावरच्या मराठी गल्लीत काळेकाकूंना सगळे ‘ळ-काकू’ म्हणत, अर्थात त्यांच्या माघारी. बाहेर हिंदी बोलून बोलून आमच्या जिभेवरून ळ उडालाच होता, आणि तो परत बसवल्याशिवाय काकू कुणाला प्रसाद देत नसत. “केळं म्हण. केलं म्हणजे काम झालं,” म्हणत आणि केळं आपल्याच हातात धरून ठेवत.

नवा कॉम्प्युटर आला तेव्हा दुकानदार त्यात काकूंच्या खात्याचं नाव इंग्रजीत घालू लागला. “त्यात आमचं काले होतं,” असं म्हणून काकूंनी ते देवनागरीत घालायला लावलं.

त्या कॉम्प्युटरवर त्यांचं एकच काम होतं, बुद्धिबळ. नागपूरला त्यांची धाकटी बहीण, कुसुमताई. अर्धांगवायूने तिचं बोलणं गेलं, लिहिणंही गेलं. डाव्या हाताने माउस मात्र चाले. रोज जेवणं झाली की दोघी खेळायला बसत. “आज कुसुम रागात होती, उंट थेट अंगावर घातला,” असं काकू नंतर शेजारी सांगत.

एकदा अपडेट आलं आणि खेळ सुरू करणारा प्रोग्रॅम, लाँचर, तोच उघडेना. पडद्यावर त्याची खिडकी दिसायची आणि नाहीशी व्हायची. काकूंनी मला बोलावलं. “सकाळपासून परेशान आहे रे. कुसुमला वाटेल मी रुसले. तिची सून सांगते तिला, पण पटतं की नाही कोण जाणे.”

मी लाँचर काढून पुन्हा टाकला. फरक शून्य. शेवटी एररचा मजकूर नीट वाचला. फोल्डरच्या पत्त्यात काकूंच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. लाँचरला देवनागरी वाचताच येत नव्हती. उपाय सोपा होता, इंग्रजी नावाचं नवं खातं. पण ते काकूंना सांगायचं कसं? भीत भीतच सांगितलं.

काकूंनी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. “ल तर ल. लिही. ती तिकडे बसून असेल.”

लाँचर उघडला. कुसुमताई खरंच बसून होत्या. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि प्यादं पुढे सरकवलं.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. तेराव्यानंतर एका दुपारी मी त्यांच्या कॉम्प्युटरवर लाँचर उघडला. कुसुमताईंना बातमी कळली होती, तरी त्या तिकडे खेळायला येऊन बसल्या होत्या. मी खेळायला लागलो. खेळणारं कोणी वेगळं आहे, हे त्यांना दोन खेळ्यांत कळलं असणार. थोड्या वेळाने मी मुद्दाम माझा वजीर नेमका त्यांच्या घोड्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला.

त्यांनी तो मारला नाही.