रातपाळीचा हात

भिला मास्टरांनी पहिल्याच भेटीत मला उशिरा आल्याबद्दल झापलं. "मॅडम, ही काय यायची वेळ झाली? असं चाललं तर खातं बंद पडंल." मी मुकाट्याने सॉरी म्हणाले. मग लक्षात आलं, की झापणारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत आहेत, अंगात पेशंटचे कपडे आहेत आणि त्यांचा डावा हात मांडीवरून घसरून चाकापाशी लोंबतोय.

आमचं केंद्र सुरतेच्या उधन्यात. पक्षाघात झालेली, डोक्याला मार लागलेली माणसं इथे पुन्हा उभं राहायला, बोलायला, हाताने जेवायला शिकतात. मी तिथली मानसशास्त्रज्ञ, तीही अर्धवेळ. मास्टर राहायला भेस्तानला, मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि माग दुरुस्त करून कारागिरांवर नजर ठेवणाऱ्याला मास्टर. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तेच केलं होतं. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांची डावी बाजू गेली. या आजाराची एक खोड आहे. काहींचं अंग जातं आणि अंग गेल्याची जाणीवही जाते. मास्टर त्यातले. ते खोटं बोलत नव्हते, की उसनं अवसान आणत नव्हते. त्यांच्या लेखी ते ठणठणीत होते आणि सेठने त्यांना हे मरगळलेलं खातं वळणावर आणायला बसवलं होतं.

"मास्टर, डावा हात वर करा बरं," मी म्हणाले.

त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. "तो रातपाळीवाला आहे, मॅडम. दिवसा झोपू द्या त्याला."

मी हसू दाबलं. बाजूच्या खाटेवरच्या माणसाने दाबलं नाही. आठवडाभरात हॉलमधले सगळे आपापल्या लुळ्या हातांना रातपाळीवाला म्हणू लागले.

रोज सकाळी व्यायामाच्या हॉलमध्ये मास्टरांची फेरी निघायची. खुर्ची ढकलायला त्यांच्या पत्नी, सुमनबाई. मास्टर कधी स्वतः चाक फिरवायला गेले, की डावीकडचं काही ध्यानातच येत नसल्यामुळे थेट भिंतीवर जायचे आणि "भिंत पुढं कोणी घेतली रे?" म्हणून भिंतीचीच चौकशी लावायचे. खान्देशातला कोणी दिसला, की अहिराणी सुरू. "चाल भो, ऊठ! बठी काय राह्यना?" माझं माहेर अमळनेरचं. ते शब्द कानावर पडले, की मी हातातलं काम सोडून ऐकत बसायची.

हंसाबेन नावाच्या एक बाई होत्या. पडण्याच्या भीतीने त्या उभ्याच राहायच्या नाहीत. मी त्यांच्याशी भीतीबद्दल कितीतरी वेळा बोलले होते, श्वासाचे व्यायाम शिकवले होते. मास्टर एक दिवस त्यांच्यासमोर खुर्ची थांबवून कडाडले, "उभा थाव, बेन! सांचो चालू छे!" सांचो म्हणजे माग. हंसाबेन दचकून उभ्या राहिल्या आणि उभ्या राहिलोय हे कळल्यावर रडायला लागल्या. मला थोडा रागच आला, खोटं कशाला बोलू.

सुमनबाई दुकानात साड्यांचे धागे कापायच्या कामावर जायच्या, ते काम सोडून इथे बसल्या होत्या. एकदा मला म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली लग्नाला, यांच्या खात्यावर मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता रोज येते. किती वट आहे हो यांचा!" आणि पदराने तोंड झाकून हसल्या.

पण मास्टर पडायचे. आपण चालू शकतो अशी खात्री असलेला माणूस उठणारच. एकदा नुसता मुका मार लागला. पुढच्या खेपेला भुवई फुटली, टाके पडले. घरी गेल्यावर सुमनबाईंना पुन्हा कामावर जावं लागणार होतं, म्हणजे मास्टर दिवसभर एकटे. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, "यांना कळलंच पाहिजे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात खुबा मोडून घेतील." ते बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. हे काम माझं होतं, आणि ते मी नीट केलं.

मी मास्टरांना टाळ्या वाजवायला सांगितलं आणि मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. मग मोबाइल त्यांच्या उजव्या बाजूला धरून दाखवलं. पडद्यावर त्यांचा उजवा हात हवेत एकटाच येत-जात होता.

"मी वाजवली टाळी," ते म्हणाले. "परत लावा."

मी परत लावलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग हळूच अहिराणीत म्हणाले, "हाऊ मना हात शे?"

"हो, मास्टर. तुमचाच हात."

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

मी हो म्हणाले.

"हिलाबी?"

सुमनबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

तो बुधवार होता. मी सोमवार ते बुधवार सकाळच्याच वेळी जाते. मुलीची शाळेची बस दुपारी कोपऱ्यावर येते आणि तिला उतरवून घ्यायला मीच लागते. मी घड्याळ पाहिलं. मास्टरांनी मला घड्याळ पाहताना पाहिलं. "आपण सोमवारी सविस्तर बोलू हं," असं म्हणून, त्यांचा खांदा थोपटून मी निघाले. रिक्षात बसल्यावर काम छान झालं असंही वाटलं. त्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

मधल्या दिवसांत काय झालं ते सोमवारी सुमनबाईंनी सांगितलं. बुधवारी रात्री मास्टर जेवले नाहीत. गुरुवारी त्यांनी खुर्ची हॉलमध्ये न्यायला लावली आणि एकेका खाटेपाशी थांबून हात जोडले. हात कसले, एकच हात छातीशी धरला. "मी तुमच्यावर ओरडलो. मला वाटलं मी मास्टर. मी तुमच्यातलाच आहे, माफ करा." हंसाबेन "ना, ना, भाई" म्हणत राहिल्या. त्या दिवशी त्या उभ्या राहिल्या नाहीत.

त्यानंतर मास्टर एकदाही पडले नाहीत. उठण्याआधी खुर्चीचा ब्रेक लावायचे, हाक मारायचे, कोणी येईपर्यंत थांबायचे. सांगितला तो व्यायाम करायचे. मी विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणायचे, "बराबर आहे." बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. बाहेर हॉल इतका शांत होता, की पंख्यांचा आवाज ऐकू येत होता.

घरी जाण्याच्या दिवशी मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. सुमनबाई रिक्षावाल्याशी घासाघीस करत होत्या. मास्टर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलं ते चांगलं केलं. नाहीतर मी हाडं मोडून घेतली असती." मला एकदम हलकं वाटलं. ते पुढे म्हणाले, "पण असं काही सांगायचं असलं ना, तर सोमवारी सांगत जा. दुसऱ्या दिवशी माणसाला काही विचारायचं असतं."

"काय विचारायचं होतं तुम्हाला, मास्टर?"

त्यांनी रिक्षाकडे पाहिलं. सुमनबाई पिशव्या आत ठेवत होत्या.

"हेच, की आता मी काय कामाचा. तुम्ही नव्हता, मग हिलाच विचारलं. रात्रभर रडली ती. हिला नको होतं विचारायला."