ऋषीची गाडी आणि मागची काच

आषाढात आमचा ऋषी पुण्याहून केजला नवी गाडी घेऊन आला. लाइटीवर चालणारी... निम्मी गल्ली दारात गोळा झाली, आणि गाडी आवाज न करता येऊन उभी राहिली, मांजर आल्यासारखी.

ऋषी माझा नातू. परवा फोनवर म्हणाला, आजी, गाडी कशी वाटली ते नेटवर चार ओळी टाक की, सगळे आपापलं मत टाकतात. मला अक्षराची ओळख नाही. मी बोलते आणि नात प्राजक्ता लिहिते, तेव्हा काही चुकलं तर तिला बोला, मला नको.

तर माझं मत. दाराची कडी दारातच लपून बसते, जवळ गेलं की हळूच बाहेर येते. आमच्या वेळच्या नव्या सुना अशा होत्या, बोलावल्याशिवाय बाहेर यायच्या नाहीत...

आत बटण म्हणून दिसत नाही. पुढं टीव्हीएवढी काच, तिच्यावर बोट फिरवायचं. गार हवा पाहिजे, बोट. गाणं पाहिजे, बोट. हवेचं तोंड आपल्याकडं वळवायचं तरी बोटच.

मी बसल्या जागी कुठंतरी हात लावला, तर सीट माझी पाठ रगडायला लागली. ऋषी घाईनं बंद करायला आला. म्हटलं, राहू दे रे, एवढ्या जन्मात कुणी रगडली नव्हती.

पण सगळा कारभार अक्षरात. जुन्या जीपला काच खाली करायची दांडी असायची, ती फिरवायला शाळेत जावं लागत नव्हतं.

ऋषी म्हणाला, सांग कुठं जायचं. मी म्हटलं, तलवाड्याला, सुभद्राकडं. सुभद्रा माझी धाकटी बहीण. आईबाप गेले, भाऊ गेला, तेव्हा आमचं माहेर म्हणजे एकमेकींचं घर. ती कानाला जड, त्यामुळे फोनवर बोलणं कधी व्हायचं नाही. भेटू तेवढंच.

तिथं चहा झाला, तासभर बसलो. मग ऋषीची घाई सुरू... चार्जिंग कमी राहिलंय, बीडला लावावी लागेल. मी मागच्या सीटवर बसले, दार लागलं, आणि तेवढ्यात सुभद्रा घरातून लगबगीनं आली. काचेवर हात ठेवून काहीतरी सांगायला लागली.

मला एक अक्षर ऐकू येईना. तिचे नुसते ओठ हलताना दिसत होते. दारावर काच खाली करायचं एकुलतं एक बटण सापडलं, ते दाबलं तरी काच हलेना... ऋषीनं त्याच्या लहान लेकीसाठी मागच्या काचा लॉक करून ठेवल्या होत्या. ते लॉक काढायचं पुढच्या त्या टीव्हीत. तो एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं उघडत बसला, आणि मागून एक ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवायला लागला. गाडी पुढं घ्यावी लागली.

खरं सांगते... मला 'थांब' म्हणता आलं असतं. पण गल्लीतल्या बाया बघत होत्या आणि मी आत ऐटीत बसले होते. परत उतरायचं, परत चढायचं, कंटाळा केला. सुभद्राकडं बघून हसले आणि मान हलवली. हो, हो. दोनदा.

तिचं तोंड असं फुललं की काय सांगू. दोन पावलं गाडीबरोबर चालली ती. काच खाली झाली तेव्हा आम्ही वेशीच्या बाहेर होतो.

श्रावणात, पंचमीनंतर चार दिवसांनी सुभद्रा गेली. दुपारी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

दहाव्याला गेले, तेव्हा तिची सून शोभा माझ्याजवळ येऊन बसली. सुभद्राला ती आत्या म्हणायची. मग म्हणाली, "मावशी, पंचमीला का आल्या न्हाईत? तुमी तर व्हय म्हणल्या होत्या."

मी म्हटलं, मला कधी बोलावलं गं कुणी?

"तुमी गाडीत बसल्यावर म्हणल्या की आत्या. पंचमीला ये आक्का, चार दिस ऱ्हा. तुमी मान हलवली. मी दारातनं बघितलं."

मग तिनं सगळं सांगितलं. सुभद्रा महिनाभर गल्लीत ज्याला त्याला सांगत होती, माझी आक्का येणार हाय. पंचमीला सकाळपासून ओट्यावर बसली. पुरणाची दिंडं माझ्यासाठी झाकून ठेवली आणि स्वतः जेवली नाही. शोभा म्हणाली, केजला फोन करून बघते. तर करू दिला नाही.

"म्हणल्या, आक्का व्हय म्हणलीय. फोन केला तर तिला वाटंल, माझ्यावर इस्वास न्हाई."

दिवेलागणीला ती आत आली म्हणे. रागावली होती का गं, मी विचारलं. शोभा म्हणाली, न्हाई मावशी, उलट तुमचीच काळजी करत होत्या. लाइटीची गाडी, वाटंत कुठंतरी बंद पडली असंल म्हणल्या.

त्या दिवशी मी केजात होते. पोटभर जेवून दुपारची झोपले होते...

ऋषी, तू हे वाचशील. तुझ्या गाडीची काही चूक नाही, तुझी तर नाहीच. गाडी लई चांगली हाय, माझं मत असंच लिही म्हणून प्राजक्ताला सांगितलंय. काच गाडीची होती, पण मान माझी होती.

आता कुणी काही बोललं आणि मला ऐकू आलं नाही, तर मी मान हलवत नाही. परत सांग म्हणते. दोनदा, तीनदा... घरातले वैतागतात, म्हातारी बहिरी झाली म्हणतात. म्हणू द्या.