चार वायरी आणि नवरदेवाची मिरवणूक

आम्ही पिंप्राळ्याला राहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी त्यांची जुनी गाडी मला देऊन टाकली. गाडीबरोबर दर रविवारी तेही येऊ लागले, तिची विचारपूस करायला. ते निवृत्त गणित शिक्षक. मी त्यांना आबा म्हणतो.

त्या रविवारी आम्हाला सावद्याला लग्नाला जायचं होतं. गाडी जरा अडखळत होती, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी प्लग साफ करायला बसलो. व्हिडिओतला माणूस एक वायर काढायचा, प्लग पुसायचा, वायर परत लावायचा. मला वाटलं, उगाच वेळ घालवतोय. मी चारही वायरी दोन्ही टोकांकडून उपटून सतरंजीवर ठेवल्या. प्लग लख्ख झाले. पण कुठली वायर कुठली, हे काही कळेना.

आबांनी लग्नपत्रिकेच्या मागे आकडेमोड केली. "चार वायरी, चोवीस प्रकार. तेवीस चूक, एक बरोबर. घाबरू नका जावईबापू, क्रमाने जाऊ."

ते किल्ली फिरवायचे, मी वायरी बदलायचो. पाचव्या प्रकाराला सायलेन्सरमधून असा बार निघाला की शेजारच्या अक्का पापडाचं ताट टाकून घरात पळाल्या. सहाव्याला दोन बार.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बँडच्या गजरात नवरदेवाची मिरवणूक आली. मी हात जोडून माफी मागायला पुढे झालो, तर नवरदेवाचे मामाच धावत आले. "भाऊ, थांबू नका! आमचे फटाके मागेच संपले. मुलीकडचे हसताहेत."

"अहो, गाडी बिघडलीये."

"मग तशीच राहू द्या!"

चार वऱ्हाड्यांनी गाडी ढकलत मांडवापर्यंत नेली. आबा आत ताठ बसून दर वीस पावलांवर किल्ली फिरवत होते. बार निघाला की नवरदेव घोड्यावर दचकायचा. घोडा मात्र शांत. मी वायरींकडे लक्ष ठेवून शेजारून चालत होतो, आणि बायको जरीच्या साडीत आमच्या दहा पावलं मागून, ओळख नसल्यासारखी.

मांडवाच्या दाराशी आम्हा दोघांना टॉवेल-टोपी मिळाली. बँडमधला ढोलवाला, धुळ्याकडचा, उघड्या बॉनेटमध्ये डोकावला. इतर दिवशी तो गॅरेजवर काम करायचा. म्हणाला, "बठ्ठ्या वायरी एकसाथ कसाले काढ्यात भाऊ?"

सगळ्या एकदम का काढल्या ते मी सांगितलं: वेळ वाचवायला. त्याने पहिला प्लग काढून त्या भोकावर अंगठा ठेवला, मला इंजिन फिरवायला लावलं. आतून हवेचा दाब लागल्यावर प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उचलून आतला फिरता रोटर कुठे वळलाय ते पाहिलं आणि तिथून ठिणगीच्या क्रमाने वायरी लावत गेला: एक, तीन, चार, दोन. किल्ली फिरवताच गाडी मांजरीसारखी गुरगुरली.

मामांचा चेहरा पडला. "आता आवाज नाही येणार?"

"माझे अठरा प्रकार शिल्लक होते," आबा म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं.

सावद्याला पोहोचलो तेव्हा शेवटची पंगत उठत होती. बट्ट्या संपल्या होत्या, वरण उरलं होतं. आम्ही तिघांनी ते भाताबरोबर खाल्लं. जेवताना बायको पहिल्यांदा बोलली, "तुमच्या दोघांच्या डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या काढा."