वाकलेली पट्टी

२००३ साल. मी एकोणसाठचा. आणि प्रयोगशाळेतल्या बाई रोज भुकटीची बाटली खिडकीच्या उजेडाकडे धरून तेच म्हणायच्या, "कच्चं आहे, भाऊ. अभी कच्चा है."

चहालाही हेच, पोह्यांनाही हेच. तुम्ही भेटला असता तर तुम्हालाही म्हणाल्या असत्या.

इंदूरची मिल बंद पडली तेव्हा मी जॉबर, म्हणजे मुकादम होतो, चोवीस साचे, म्हणजे माग, माझ्या हाताखाली. मग विजय नगरात औषध शोधायच्या एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला लागलो. चौथी पास माणूस मी, पण माझ्या बाटलीवर डाग दाखवा!

बाई तिथल्या शास्त्रज्ञ, जुनी इंदूर भागातल्या. काय शोधता, विचारलं तर उलट मलाच म्हणाल्या, "धागा तुटला की साचा थांबतो कसा?"

मी सांगितलं, प्रत्येक धाग्यावर लोखंडी पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की ती पडते, साचा बंद.

"आणि पट्टी वाकली तर?"

"पडत नाही. साचा चालतच राहतो. सगळं कापड बरबाद."

"बस! पुष्कळशा कॅन्सरांत हेच होतं, भाऊ. पेशीला थांबवणारं एक प्रोटीन असतं, तेच वाकतं. या भुकटीतला आमचा हा एवढासा रेणू त्याला चिकटून सरळ करतो का, ते बघतोय."

माझ्या घरचीच्या छातीत तेव्हा गाठ निघाली होती. "मग भुकटी द्या ना," मी म्हणालो. बाईंनी बाटली कपाटात ठेवली. "कच्चं आहे."

मोठ्या इस्पितळाने सलाइनमधून द्यायच्या औषधासाठी संमतीचा फॉर्म दिला होता. माझी सही हवी होती. मी केली नाही. मिलमध्ये सगळ्यांबरोबर एका कागदावर सही केली, आठ दिवसांत फाटकाला कुलूप. तेव्हापासून कागदाची धास्ती. वाकलेल्या पट्टीची मात्र नव्हती. आयुष्यभर त्याच सरळ केल्या.

एका दुपारी त्या पिवळसर भुकटीची चिमूट पुडीत बांधून घरी आणली. देवांच्या फोटोमागे ठेवली, फॉर्मजवळच. संध्याकाळी दूध तापवलं. ग्लास भरून ठेवला. पुडीला हात लागेना.

तेवढ्यात दारात बाई. पहिल्यांदाच घरी आलेल्या. चेहऱ्यावर रक्त नाही.

"वजन कमी भरलं, भाऊ. दिली का?"

"मी चोर नाही."

"चोर कोण म्हणतंय! दिली का, ते बोला!"

"नाही."

बाई उंबऱ्यातच बसल्या. "त्या भुकटीने चांगल्या पेशीही मेल्या हो. आज सकाळी पाहिलं. आणि वहिनींची पट्टी वाकलीय की तुटूनच गेलीय, कुणी बघितलंय? तुटली असेल तर सरळ काय करणार?"

पुडी काढताना फॉर्म खाली पडला. बाईंनी उचलला. "किती दिवसांचा?"

"वीस."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरची पाणी घेऊन बाहेर आली. "कोण तुम्ही?"

"भाऊंच्या दवाच्या कारखान्यातली."

"मग तुमची दवा मी आहे तोवर तयार होईल का, बाई?"

मला वाटलं, आता 'कच्चं' म्हणतील. त्यांनी पाण्याचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. "माझी नाही होणार, वहिनी. जी झालेली आहे ती तरी घ्या."

जाताना मला म्हणाल्या, "भीती मलाही वाटते, भाऊ. रोज. म्हणून तर वजन करते."

त्याच थंडीत प्रयोगशाळेलाही कुलूप लागलं. कुणी म्हणतं बाई हैदराबादला गेल्या, कुणी म्हणतं विलायतेला. ती भुकटी पक्की झाली का, विचारायला कुणी उरलं नाही. घरची पुढे सहा वर्षं होती.

पण बाई घरी येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन इस्पितळाच्या खिडकीशी उभा राहिलो. आतल्या माणसाने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी ते परत ढकललं. पेन मागितलं. फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं.