छप्पन्नाव्या वर्षी स्पोर्ट्स बाईक घ्यावी का? लोणारपर्यंत जाऊन काढलेलं उत्तर

गेली एकवीस वर्षं मी कंपनीच्या बसनं वाळूजला जातो. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी बस छावणीतून जाताना रफिकभाईच्या गॅरेजबाहेर एक लाल स्पोर्ट्स बाईक उभी दिसली. मंगळवारीही दिसली. बुधवारी परत येताना मी घराच्या चार स्टॉप आधी उतरलो आणि डबा हातात घेऊन चालत गॅरेजवर गेलो.

माझी पहिली गाडी रफिकभाईच सांभाळायचा. ती विकून सव्वीस वर्षं झाली. मुलगी झाली, घरात एक स्कूटर पुरे असं ठरलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता मुलगी पुण्यात नोकरीला आहे, माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरलीत, आणि मी सतत दमलेला असतो. रविवारी दुपारी झोपून उठलो तरी दमलेलाच. डॉक्टर म्हणतात बी-बारा कमी आहे. मला वाटायचं, गाडी कमी आहे. आता नाही घेतली तर पुन्हा कधीच घेणार नाही, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

लाल गाडी रफिकभाईच्या एका गिऱ्हाइकाची होती. तो परदेशी गेला आणि विकायचं काम याच्यावर टाकून गेला. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यावर रफिकभाई म्हणाला, "दो दिन लेके जाव. चलाव, घर पे रखो, सुबह उठ के देखो. फिर बोलो लेना के नै लेना. एक चक्कर में गाडी नै समझती, दत्ताभाई."

घरी सुमनला सांगितलं. ती मेथी निवडत होती. "घ्या," ती म्हणाली, "फक्त मला मागं बस म्हणू नका." मेथीची काडी तिनं माझ्याकडं न बघताच बाजूला टाकली.

शनिवारी सकाळी सातला निघालो. बेत साधा होता. जालना, सिंदखेड राजा, लोणार, तिथं मुक्काम आणि रविवारी परत. जाऊन येऊन तीनशे किलोमीटरच्या थोडं वर होतं. वाटेत जालन्याच्या पुढं माझी मोठी बहीण राहते, तिच्याकडं डोकावायचं. जाणाऱ्यांसाठी एक सूचना: समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो विचार सोडा. जुना जालना रोड चांगला आहे, दुचाकीला टोल लागत नाही. मात्र शेंद्र्यापर्यंत कंपन्यांच्या बसेस आणि ट्रकमधूनच वाट काढावी लागते.

या गाडीवर पुढं वाकून बसावं लागतं. हँडल खाली, पाय मागं दुमडलेले, आणि सगळं वजन मनगटांवर. चिकलठाण्यापर्यंत मजा वाटली. शेंद्र्याला मान बोलायला लागली. करमाडला चहासाठी थांबलो तेव्हा उजवा पाय सीटवरून पलीकडं येईचना. शेवटी मी गाडीच थोडी वाकवली आणि तिच्यावरून घसरून खाली उतरलो. हॉटेलच्या बाकड्यावर दोघंजण भजी खात बसले होते.

"कुनाची असंल रं?" एकानं विचारलं.

"पोराची असंल. पेट्रोल टाकाया धाडलं असंल बापाला."

मी चहा घेतला, भजी घेतली. भजी गरम होती, चहा फार गोड. पन्नास रुपयांत दोन्ही झालं.

जालना बायपास संपल्यावर मात्र दहा मिनिटं अशी आली की त्यांच्याबद्दल खोटं बोलता येणार नाही. रस्ता रिकामा होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ऊन अजून कोवळं. मी पाचवा गिअर टाकला, मूठ पिळली आणि गाडी पुढं गेली. मान दुखत नव्हती, मनगटं दुखत नव्हती, सोमवारची शिफ्ट नव्हती. किती वेगानं गेलो ते इथं लिहीत नाही, मुलगी हा ब्लॉग वाचते. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसत होतो. मग पुढं एक ट्रॅक्टर आडवा आला, ब्रेक लावला, आणि सगळी दुखणी एकदमच परत आली.

अक्काचं गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे. रस्ता खडीचा, त्यावर ही गाडी म्हणजे शिक्षा. दारात पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर बसून दोरी वळत होते. ते उठले, गाडीभोवती फिरले आणि त्यांनी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देती?"

"पंचवीस."

"फकस्त?" असं म्हणून ते पुन्हा दोरीकडं वळले.

अक्का आतून आली. डोक्यावरच्या पदराला कापसाचे पुंजके चिकटले होते, वेचणीवरून नुकतीच आली असावी. तिनं गाडी बघितली, मला बघितलं, आणि परत आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती ताट घेऊन आली. ताटात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी, आणि दुसऱ्या हातात नारळ.

"उतर खाली. टोपडं काढ डोस्क्यावरचं."

आमच्याकडं नवी गाडी दारात आली की घरच्या बाईनं तिची पूजा करायची, मग ती शोरूममधून आलेली असो की चार जणांच्या हातून. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की अक्का, ही माझी नाही, दोन दिवस बघायला आणली आहे. वाक्य काही अवघड नव्हतं. पण शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, दाजींनी दोरी खाली ठेवली होती, आणि अक्काचा चेहरा असा झाला होता की गाडी जणू तिनंच घेतली आहे. आणि अजून एक कारण होतं, ते कबूल करतो. करमाडच्या त्या दोघांनंतर ही गाडी माझी आहे असं कुणीतरी मानत होतं, ते मला बरं वाटलं.

तिनं लाल टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. लालावर लाल दिसेना, म्हणून भोवती हळदीची बोटं ओढली. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, दाजींनी नारळ फोडला. मग तिनं मला ओवाळलं. मी खिशातून पाचशेची नोट काढून ताटात टाकली. ताटात ओवाळणी टाकली म्हणजे गाडी माझी म्हणून मी सहीच केली, हे मला तेव्हाही कळत होतं.

जेवायला येसराची आमटी, बाजरीची भाकरी आणि ओल्या तुरीच्या शेंगा. एवढं चांगलं जेवण या प्रवासात पुन्हा मिळालं नाही. मी वाढून घेत होतो आणि अक्का शेजारी बसून बोलत होती.

"पयल्या गाडीवर तू यायचास ना, तवा चूल पेटवूस्तोवर निघून जायचास. फटफट वाजली म्हून भाईर यावं, तर धूळच. एकदा तर तुज्यासाठी धिरडं टाकलं व्हतं. ते कुत्र्यानं खाल्लं."

"तेव्हा घाई असायची, अक्का."

"कशाची व्हती रं घाई?"

मला खरंच आठवेना. तेविशी-चोविशीतल्या माणसाला शनिवारी दुपारी कसली घाई असते? मी आमटी ओरपली.

"आज ऱ्हातोस ना?" तिनं विचारलं. मी लोणारला खोली सांगून ठेवली आहे असं म्हणालो. "बरं," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. निघताना मी लिंबावरून गाडी नेली. ते चिरडल्याचं मला हँडलमधून कळलं.

सिंदखेड राजाला राजवाड्यासमोर उसाचा रस प्यायलो. राजवाडा बघायला आत जावं असं मनात होतं, पण उतरून, हेल्मेट काढून, गाडीकडं लक्ष ठेवत फिरायचं त्राण नव्हतं. दुपारी तीनला लोणार. सरोवराच्या कडेजवळ साधी, स्वच्छ खोली बाराशेत मिळाली. सरोवर बघायचं तर खाली उतरा, असं लोक सांगतात. पायथ्याला देवळं आहेत, झाडी आहे, मोर आहेत. पाणी बरोबर घ्या, खाली काही मिळत नाही. मी मात्र उतरलो नाही. कडेवरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. उल्का पडून झालेला तो गोल खड्डा, तळाशी हिरवट खारं पाणी, आणि माझ्या दोन्ही हातांची करंगळ्यांकडची बोटं बधिर. नाशिकहून आलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी मला फोटो काढायला सांगितलं. बटण नीट दाबलं जात नव्हतं, चार वेळा प्रयत्न केला. शेवटी त्याच म्हणाल्या, "राहू द्या काका, तुम्ही दमलेले दिसता."

माझ्या ओळखीतलं कुणी असं म्हणालं असतं तर मी वाद घातला असता.

रविवारी सकाळी अंग लाकूड झालं होतं. पोहे खाल्ले, दुखण्याची गोळी घेतली, नऊला निघालो. परतीच्या वाटेवर मी वाट बघत होतो ती त्या दहा मिनिटांची, पण ती आली नाहीत. रस्ता तोच, गाडी तीच, ऊन मात्र चढलेलं आणि वारा आडवा. त्याहून वाईट म्हणजे अक्काचा फाटा. लांबूनच पाटी दिसली. थांबून खरं सांगून यावं, चार किलोमीटर तर आत आहे, असा विचार केला, आणि मी वेग वाढवला. तो वेग मजेचा नव्हता. पुढं करमाडपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली. टाकीवरचं स्वस्तिक पोटाखाली होतं, जॅकेटला हळद लागली होती.

दोन दिवसांत पेट्रोल चौदाशेचं लागलं. कुणाला आकडा हवा असेल म्हणून सांगितलं.

दुपारी दोनला छावणीत पोचलो. रफिकभाई स्टुलावर बसून जेवत होता. त्यानं हात धुतले, गाडीजवळ आला आणि टाकीकडं बघून म्हणाला, "ले लिए? मुबारक."

"नाही रे. बहिणीनं पूजा केली. तिला वाटलं, घेतली."

"तो फिर?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो. म्हणताम्हणता माझं मलाच कळलं की ठरलेलं आहे. मला ते वय परत हवं होतं, जेव्हा कुठूनही दहा मिनिटांत निघून जाता येत होतं आणि कुणी काही विचारत नव्हतं. गाडी ते देते. कालही दिलं तिनं, जालन्याच्या पुढं, आणि आज फाट्यावरही दिलं, त्याचीच तर लाज वाटत होती. मी म्हणालो, "नको, रफिकभाई. माझ्याच्यानं आता होणार नाही."

त्यानं मान डोलावली. खिशातला स्वच्छ फडका ओला करून आणला आणि माझ्या हातात दिला.

"ये आप पोछो. आप की बहन का हाथ है. मैं नै लगाता इस को हाथ."

मी फडका घेऊन उभा राहिलो. बहिणीनं काढलेलं कुंकू भावानं पुसायचं, असं कुणाच्या घरी होतं? क्षणभर वाटलं, गाडी घेऊनच टाकावी, त्यापेक्षा ते सोपं आहे. पण पुसवत नाही म्हणून गाडी घेणं हा सगळ्यात वाईट सौदा झाला असता. मी अक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाडी माझी नव्हती, तेव्हाच बोललो नाही, आज फाट्यावरून तसाच आलो.

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. तिनं विचारलं, "पडलाबिडला न्हाईस ना कुठं?"

"नाही."

"मंग पूस. पान्यानं पूस, आन ते पानी झाडाला घाल, पायाखाली नको."

"तुला राग आला का?"

"आला. गाडीचा न्हाई आला. फाट्यावून गेलास त्याचा आला. दत्तू, फटफटीवर आला की तू उंबऱ्यावरनंच जातोस. पुढच्या बारीला मुक्कामी येष्टीनं ये. ती सकाळीच सुटती. तिच्यासंगं तुलाबी ऱ्हावंच लागतंय."

मी पुसलं. दोनदा पाणी घ्यावं लागलं, हळद लवकर जात नाही. पाणी गॅरेजमागच्या कडुलिंबाला घातलं आणि रिक्षानं घरी आलो.

माझ्या वयाच्या वाचकांनी विचारलं होतं, म्हणून सांगतो. मनगटं आणि मान शाबूत असतील तर घ्या, ती दहा मिनिटं खरी आहेत. पण आधी दोन दिवस वापरायला मागा, आणि नातेवाइकांच्या दारात नेऊ नका. मला काही मोठं शहाणपण आलं नाही. दमणूकही तशीच आहे, आज लिहिताना करंगळी अजून बधिर आहे. गाडी सोडल्याचं वाईट वाटतं का? हो, वाटतं.

घरी सुमननं चहा केला. मी फाट्यापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. कप विसळून झाल्यावर ती म्हणाली, "मी अक्कांकडं शेवटची कधी गेले होते?"

दोघांनी मिळून आठवलं. चार वर्षं झाली होती.

"मुक्कामी गाडी जालन्याहून किती वाजता असते?"

"पाच चाळीस."

"येत्या शनिवारी चालेल मला," ती म्हणाली. "या गाडीत मी तुमच्या शेजारी बसेन."