म्हातारीची तरणी केली

कादंबरी पडद्यावर येणार म्हटलं की आताशा मला धास्तीच वाटते. जादूची असेल तर जास्तच. लहानपणी कळमनुरीच्या बसस्टँडवर मिळणाऱ्या चित्रकथांमधला माझा लाडका ढेरपोट्या जादूगार सिनेमात आला, तर ढेरी गायब आणि दंड फुगलेले! चिडले, पण सोडून दिलं. या वेळी मात्र प्रश्न आईचा होता.

आई सेनगावजवळच्या आमच्या गावी असते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिचं शेतात जाणं सुटलं. सोयाबीन काढायला सगळं घर बाहेर पडतं आणि ही ओट्यावर एकटी, राखणीला बसवल्यासारखी. तिला वाचता येत नाही, म्हणून माझ्या आवडत्या जाडजूड कादंबरीतली एक म्हातारी मी तिला तोंडी सांगितली होती. राक्षस येतो, गाव पळतं. म्हातारीला पळता येत नाही, म्हणून ती वेशीत बसून राहते आणि राक्षसाला असं बोलण्यात गुंतवते की तोवर गाव नदीपार होतं. आईनं ही गोष्ट मला किती वेळा सांगायला लावली असेल! "बसल्या जागी गाव वाचवलं की तिनं," म्हणायची आणि खुलायची.

त्याच कादंबरीवर मालिका आली, हिंदीत. तुझी म्हातारी आता डोळ्यांनी दाखवते, असं मी आईला कबूल केलं. गावात रेंजचा पत्ता नसतो, म्हणून हिंगोलीहूनच भाग फोनमध्ये उतरवून घेतले आणि रविवारी जीपनं गाव गाठलं. आई चष्मा पुसून तयार.

पहिला भाग संपला, दुसरा संपला. नुसता अंधार, धूर आणि केस उडवत चालणारी माणसं. आई सारखी विचारायची, "माझी म्हातारी कवा येती गं?"

मला तोवर कळून चुकलं होतं. वेशीत तलवारीला धार लावत उभी असलेली ती पोरगी, नावावरून तीच ती. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. राक्षस आला, पण ही त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. उडी, गिरकी, मुंडकं खाली. वर लगेच दुसऱ्या पर्वाची जाहिरात.

"हीच ती, आई," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? संतापानं माझे कान तापले होते. एवढा खर्च, एवढा लवाजमा, आणि एका म्हातारीला बसायला जागा देववली नाही यांच्यानं!

आईनं फोनवर बोट ठेवलं. "हिला तर पळता येतंय. मंग ही मागं राहिली काहून?"

"त्यांनीच बदललं गं. पुस्तकात म्हातारीच हाय. थांब, वाचून दाखवते."

"पुस्तकात असंल माय," आई गुडघा चोळत म्हणाली, "पण लोकं तर हेच बघून राहिले."