दोन्हीकडून घासलेली कांडी

वालीवच्या गाळ्यात दादा आणि मी आर्गन वेल्डिंग करायचो. ती वर्षं आठवायला बसलो की आधी कंबर दुखते, मग बाकीचं आठवतं. स्टीलची रेलिंगं, डेअरीचे पाइप, कुणाकुणाची फुटलेली ॲल्युमिनियमची झाकणं. हँडलमध्ये टंगस्टनची बारीक कांडी बसवायची आणि तिच्या टोकाशी जाळ धरायचा. पण कांडी कुठली, यावर सगळं असतं. तिच्या शेपटीला रंग असतो. लाल असेल तर ती स्टीलला, टोक काढून. हिरवी ॲल्युमिनियमला, तिला टोक लागत नाही, तापली की तिची तीच चकचकीत गोळी धरते. लाल कांडी ॲल्युमिनियमवर लावली तर आमच्या जुन्या मशीनवर तिचं टोक फाटायचं, त्याचे कण वितळलेल्या धातूत पडायचे, आणि सांधा वरून गोमटा दिसला तरी आतून कच्चा राहायचा.

दादा प्रत्येक कांडी दोन्हीकडून घासायचा. एक टोक खराब झालं की उलटी करून दुसरं वापरायचं, ग्राइंडरकडची खेप वाचते, हे त्याचं म्हणणं. बरेच वेल्डर असं करतात. पण शेपटीचं टोक घासलं की रंगही जातो, आणि मग डब्यातल्या सगळ्या कांड्या एकसारख्या राखाडी. मला प्रत्येक कांडी आधी भंगाराच्या तुकड्यावर पेटवून ओळखावी लागायची. मी समजावलं, चिडलो, अबोला धरला. चार दिवस बरे जायचे, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर पाचूबंदरचे एक कोळी काका बोटीच्या पाण्याच्या पंपाचं झाकण घेऊन आले. ॲल्युमिनियमचं, आडवी चीर गेलेलं. दादाने ते जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी काका झाकण घेऊन परत दारात. इतरांच्या बोटी केव्हाच गेल्या होत्या, यांची किनाऱ्यावर. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "पानी येतंय अजून."

मी सांधा घासून पाहिला. आत काळे ठिपके. मला दादाचा भयंकर कंटाळा आला. राग नव्हे, कंटाळा. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. वेगळं व्हायचं, गाळा त्याला ठेवायचा आणि आपण कुठेतरी नोकरी धरायची, हे मी तिथेच ठरवलं. काकांना दुपारी या म्हटलं आणि माणिकपूरला जाऊन लाल आणि हिरवं अशी दोन नवी पाकिटं आणली. दोन्ही फोडून कांड्या एका डब्यात उभ्या केल्या, रंग वर. एवढं काम उरकायचं आणि दादाला सांगून टाकायचं.

झाकण टेबलावर ठेवून मी दादाला म्हटलं, हिरवी दे.

त्याने लाल दिली.

मी ती परत डब्यात टाकली आणि पुन्हा मागितली. तो डब्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि पुन्हा लाल दिली. मला वाटलं, मुद्दाम करतोय. मग मी तोंडाला येईल ते बोललो. निष्काळजी, आळशी, आणि शेवटी घरात कुणी काढायचं नाही तेही काढलं: बाबांनी किती जणांचे उंबरे झिजवले तेव्हा रेल्वेत नंबर लागला होता आणि हा तिकडे फिरकलाही नाही.

"गेलो होतो," दादा म्हणाला. "मेडिकलला नापास केलं. लाल आणि हिरवा मला एकच दिसतो."

तो डब्याकडेच बघत होता. रंग घासून टाकला की कुणी रंगाने मागत नाही, असं तो म्हणाला; पेटवून बघितलं की त्याला बहुतेकदा कळायचं, काल कळलं नाही. मी विचारलं, मग घरी का सांगितलं नाहीस?

"ताईचं ठरत होतं तेव्हा. डॉक्टर म्हणाला, हे रक्तातून येतं. भाऊ आळशी असला तर चालतो रे. डोळ्यांत खोट आहे म्हटल्यावर स्थळ उठून जातं."

निदान बाबांना सांगायचंस, मी म्हटलं. त्यावर तो हसला. बाबांच्या पोटात कधी काही राहिलंय का?

काका येऊन दारात बसले होते. मी हिरवी कांडी उचलली, गोळी धरू दिली आणि चीर हळूहळू भरत आणली. दादाने झाकण कलतं धरलं होतं. वेगळं होण्याचं बोलणं मनातच राहिलं. मी अजून दमलेलोच होतो, पण आता कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

बाबा शेवटच्या दिवसांत फारसं बोलत नसत. एकदा दादा औषध आणायला गेला होता, तेव्हा मला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं होतं, "त्या आळशाला तेवढा सांभाळून घे." ते मी दादाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दुपारीही नाही सांगितलं.